दोन उजवे

आमचा डावा बैल फुरसं चावून मेला, आणि त्याच पावसात बाबा ओल्या जांभ्या दगडावरून घसरून कमरेत मोडले. एका पावसानं घरातून एक बैल आणि एक नांगऱ्या नेला. उरलं काय, तर उजवा बैल, नांगर, आणि घरामागचा डोंगर.

डोंगर म्हणजे अख्खा डोंगर नव्हे. बोर्लीहून श्रीवर्धनला जाताना डाव्या हाताला जे उतार दिसतात, तसा एक उतार आमच्या वाट्याचा आहे. आजोबांनी आणि त्यांच्या वडिलांनी दगडाचे बांध घालून त्याच्या पट्ट्या केल्या. एकीवर एक, पायऱ्यांसारख्या. रुंदी इतकी बेताची, की बैलजोडी वळवली की उजव्या बैलाची शेपूट बांधाबाहेर लोंबते. खाली घराला लागून भाताचं खाचर, आणि वर सगळी नाचणी. आमच्या घरात भात सणाला नव्हता, रोजच होता. पण पोट भरायचं ते नाचणीच्या भाकरीनं.

बैल गेल्यावर आई आणि मी कुदळीनं खणायला लागलो. मी तेव्हा कॉलेजात होते. सकाळी खणायचं, आंघोळ करायची, एसटी पकडायची आणि श्रीवर्धनला जाऊन भूगोलाच्या तासाला बसायचं. हाताला फोड आलेले असायचे, पेन धरवायचं नाही. एवढं करून दोन बायका खणणार किती? खालची एक पट्टी. बाकी सगळीकडे रानमोडीचं तण माजलं. घराण्यात पहिली बीए झाले ती मी, आणि त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदा नाचणी विकत आणली. बाबा त्या भाकरीकडे बघून म्हणाले, "पेढे वाटले तेवढं बास हाय. ही भाकर कुणाला सांगू नका."

पॉवर टिलरही करून बघितला. चौघांनी ओढत वर नेला. पहिल्याच वळणावर तो आपला आपण बांधावरून खालच्या पट्टीत उतरला, तिथून त्याच्याखालच्या पट्टीत, आणि शेवटी करवंदीच्या जाळीत जाऊन घरघरत बसला. चालवणारा आधीच उडी मारून मोकळा झाला होता. तो म्हणाला, "काका, ह्याला रस्ता लागतो हो. तुमच्याकडं जिना हाय."

उजवा बैल, आमचा तांबडा, गोठ्यात उभा राहून खात होता. बाबा त्याला विकायला तयार नव्हते आणि एकट्या बैलाचं जोत होत नाही. आई रोज वैरण टाकताना म्हणायची, "एक बैल म्हंजे एक चप्पल. फेकवत न्हाय नि घालवत न्हाय."

बीए झाल्यावर मला हरिहरेश्वरला एका लॉजच्या काउंटरवर नोकरी लागली. शनिवार-रविवार मरणाची गर्दी. पावसात मधल्या दिवशी माशा मारायच्या. म्हणून जून-जुलैत मालक मला चार-चार दिवस घरी सोडायचे. हे सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या मधल्या दिवसांत झालं.

मग एका मे महिन्यात पनवेलचे काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नाही, हसतमुख, हाताचा सढळ. पण एका जागी त्यांना बसवत नाही. ते वर चढून गेले, धापा टाकत खाली आले आणि म्हणाले, "दादा, वरून समुद्र काय दिसतोय रे! आपण वेडे आहोत. जेसीबी लावू, सगळा उतार एकसारखा सपाट करू. चार खोल्या. टुरिस्ट नुसता व्ह्यू बघायला येईल."

बाबा खाटेवरून म्हणाले, "बांध फोडलेस तर पावसात माती कुठं जाईल?"

"कुठं जाईल?"

"खाली. खाचरात. मग विहिरीत. मग माझ्या या खाटेवर."

काका हसले. "दादा, पडीक ठेवून तरी काय मिळतंय?"

जमीन दोघा भावांची, आणि पडीक जमिनीच्या बाजूनं कोण भांडणार? मी मध्ये बोलले. मला मध्ये बोलायची सवय आहे, ती शिक्षणानं आलेली नाही, जन्माची आहे. म्हटलं, "काका, दसऱ्याला या. वर नाचणी उभी दिसली तर जेसीबी नाही. पडीक दिसली तर तुम्हीच नारळ फोडा."

"सगळ्या पट्ट्या हां. खालची एक दाखवून फसवायचं नाही."

"सगळ्या."

काका गेल्यावर आईनं माझ्याकडे बघितलं. "सगळ्या कशानं? तुझ्या सर्टिफिकिटानं नांगरशील?"

आता सावडीबद्दल सांगते. ज्याच्याकडे एकच बैल, त्यानं एकच बैल असलेलं दुसरं घर शोधायचं. दोघांचे मिळून एक जोत करायचं. आधी एकाची जमीन, मग दुसऱ्याची. याला सावड म्हणतात. आमच्या भागात ही रीत होती. आता बैलच राहिले नाहीत, तर सावड कुणाशी करायची? आईनं सगळ्या वाड्या पालथ्या घातल्या. आणि बोर्लीच्या बाजारात, सुक्या बोंबलाच्या ढिगापाशी, तिला चाची भेटली.

चाचीचं घर खाडीकडच्या मोहल्ल्यात. तिचा नवरा आणि मुलगे आखातात. सासरे होते तोवर बैलजोडी होती. ते गेले, जोडीतला एक म्हातारा बैल गेला, आणि दुसरा, ढवळा, चाचीनं सासऱ्यांची आठवण म्हणून ठेवला. तिचं भाताचं शेत खाडीला लागून. चिखल असा की टिलर रुततो. म्हणजे तिलाही जोत हवंच होतं. दोघींचं तिथेच, बोंबील निवडता निवडता, ठरलं.

आई घरी आली ती फुलून आली. "सावड झाली! बैल कसा हाय इचारलं, तर म्हणाली, आमचा बैल उजवा हाय. पंचक्रोशीत तसा दुसरा न्हाय."

बाबा खूश. "उजवा हाय म्हणाली? स्वतः?"

"तीनदा म्हणाली."

बाबा शेजाऱ्यांच्या रिक्षात बसून बैल बघायलाही गेले. दात बघितले. खुर बघितले. कपाळावरचा भोवरा बघितला, शेपूट बघितली, पाठीवर थाप मारून कातडी थरथरते का बघितलं. चाचीनं दिलेला चहा पिऊन, नानखटाई खाऊन परत आले आणि जाहीर केलं, "बैल खरंच उजवा हाय."

पाऊस लागला, जमीन भिजली. नाचणीची रोपं मी घराशेजारच्या तुकड्यात आधीच टाकली होती. एका सोमवारी चाची ढवळ्याला घेऊन आमच्या दारात आली. डोक्यावर ओढणी, तिच्यावर प्लास्टिकची खोळ, पायात गमबूट. नांगर धरणार मी. बाबा बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिकवणार. आमच्याकडे बायका नांगर धरत नाहीत. शेजारची आजी तेवढं सांगायला मुद्दाम काठी टेकत वर आली. "गो बाय, बाईचा हात नांगराला लागला तर पाऊस रुसतो."

आई म्हणाली, "आजये, रुसू दे की जरा. खाचराचा बांध तरी फुटायचा न्हाय."

तांबड्याला जूं घातलं, उजव्या बाजूला. ढवळ्याला आणलं, डाव्या बाजूला उभं केलं. ढवळा शांतपणे तांबड्याच्या मागून फिरला आणि त्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. आम्ही हसलो. परत आणलं. परत फिरला. मग तिघींनी मिळून त्याला डावीकडे जूं घातलंच. मी नांगर रोवला, हाक दिली.

ढवळा उजवीकडे रेटायला लागला. तांबडा जागा सोडेना. जूं तिरपं झालं, नांगर हवेत उचलला गेला, आणि जोडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरली. मी नांगराला धरून मागे मागे धावतेय. बाबा खुर्चीतून ओरडतायत, "डावा दाब, डावा दाब!" पण डावा कोण?

शेजारचे रिक्षावाले दादा बांधावर बसून मजा बघत होते. त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. ते एवढे हसले की घसरून खाली आले. "अरे काका! हे दोघं पण उजव्या खांद्याचे! डावा कोनीच न्हाय!"

जोडीतल्या बैलाचा खांदा ठरलेला असतो. लहानपणी ज्या बाजूला जुंपला त्या बाजूला तो जन्मभर चालतो. डाव्याला उजवीकडे घातलं तर तो नवशिका होतो. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या घरात कायम जोडी असते त्या घराला खांदा विचारायची सवय नसते.

आई चाचीकडे वळली. "अगो, मग सांगायचं न्हाय?"

"तौबा! न्हाय कसं? बाजारात सांगितलं ना? बोंबलाच्या टोपलीवर हात ठेवून सांगितलं, आमचा बैल उजवा हाय! तीनदा सांगितलं!"

"मला वाटलं, उजवा म्हंजे चांगला!"

"चांगला तर हायच! पन उजवा पन हाय!"

मी नांगर टाकून खाली बसले आणि पोट धरून हसले. आई हसली, चाची हसली. तिथेच संपायला हवं होतं. पण कुणाला तरी डावं व्हायला लागणार, हे सगळ्यात आधी बाबांना सुचलं, आणि त्यांचं तोंड बदललं.

"आमचा तांबडा उजवाच ऱ्हाणार," ते म्हणाले. "डोंगर त्याच्या पायाखालचा हाय."

"आनि आमचा ढवळा?" चाची म्हणाली. "सासऱ्यांनी हातानं उजव्या अंगाला लावलेला. मी त्याला डावा करू? वर जाऊन त्यांना काय तोंड दाखवू?"

"दुसऱ्याच्या दारात आलेला बैल, त्यानं डावं व्हावं. रीत हाय."

अशी कसलीही रीत नाही. ती बाबांनी त्या खुर्चीत बसून तयार केली. चाचीनं ढवळ्याचं जूं सोडलं, ओढणी नीट केली आणि आईला म्हणाली, "बाय, तू मला इज्जतीनं बोलावलंस, म्हणून आले. दारात आलेल्याला डावं म्हनतात, हे मला म्हाईत नव्हतं." आणि बैल घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी उतरून गेली. गमबुटांचा पचक पचक आवाज बराच वेळ येत होता.

त्या दिवशी आई बाबांशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, ते नाचणीच्या रोपांकडे बोट दाखवून बोलली. रोपं वीतभर झाली होती. अजून थोडे दिवस गेले की ती लावायच्या लायकीची राहणार नव्हती, मग नांगरून तरी काय उपयोग? "तुमचा भाऊ मशीन आणून डोंगर घालवतो," आई म्हणाली, "तुम्ही दारातला बैल परत पाठवून घालवता. दोघं सख्खे भाऊ, शोभता."

बाबा खुर्ची आत घेऊन गेले.

मी शनिवारी कामावर गेले. काउंटर समुद्राकडे तोंड करून आहे. पाऊस असला तरी मुंबईची मंडळी किनाऱ्यावर घोड्यावर बसायला येतातच. एक घोडेवाला एका गलेलठ्ठ साहेबांना फिरवत होता. साहेबांना फोटोत लाटा हव्या होत्या. घोड्याला लाटा नको होत्या. लाट आली की घोडा साहेबांसकट जमिनीकडे सरकायचा. घोडेवाला पाण्याकडे ढकलतोय, घोडा जमिनीकडे झुकतोय. जाताना घोडा डावीकडे ओढ घ्यायचा, येताना उजवीकडे. म्हणजे त्याला डावं-उजवं काही नव्हतंच. त्याला पाणी एका बाजूला होतं आणि कोरडं एका बाजूला.

रूम विचारायला आलेल्या एका कुटुंबाला मी तसंच उभं ठेवलं, असं मला आठवतं. कारण मला भूगोलाच्या तासालाही कधी एवढं स्वच्छ दिसलं नव्हतं.

सोमवारी मी चाचीकडे गेले. ती पडवीत तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप थांबलं नाही.

"बापानं पाठवलं?"

"नाही. माझी मी आले."

"मग बस."

मी म्हटलं, "चाची, तुमचा बैल डावा नाही आणि आमचाही नाही. हे आपण ठरवायचंच नाही. समुद्रावर जाऊ. ओहोटीला. दोघांना जूं घालायचं, नांगर नाही, मागे नुसता लाकडाचा ओंडका. दक्षिणेकडे तोंड करून चालवायचं, म्हणजे समुद्र उजव्या हाताला. उजवीकडे जो जाईल त्याच्या पायावर लाट येईल. ज्याला पाणी सोसणार नाही तो आपोआप डावीकडे राहील. त्याची सवय झाली की मग डोंगरावर."

सूप थांबलं. "आनि माझा ढवळा डावा निघाला तर?"

"तर समुद्रानं सांगितलं. बाबांनी नाही."

"आनि तुझा तांबडा निघाला तर तुझा बाप समुद्राशी भांडेल."

"भांडू दे. समुद्राला कुठं त्यांना चहा-नानखटाई द्यायचीय?"

ती हसली. तिचं हसणं पडवीभर होतं. आतून बरणी आणली, माझ्या हातावर दोन नानखटाया ठेवल्या. "उद्या सकाळी. बापाला बोलव. त्यानं डोळ्यानं बघितलं पाहिजे."

बाबांना आणायचं काम आईनं केलं. कसं केलं, मी विचारलं नाही. सकाळी ते रिक्षात, पुढच्या सीटवर, दादांच्या शेजारी अंग चोरून बसले होते.

सुपारीच्या वाड्यांमधून बैल खाली नेले, सुरूच्या बनातून वाळूवर काढले. ओहोटीनं वाळू ओली, टणक झालेली. जूं घातलं. तांबडा उजवीकडे, कारण तो ऐकेना. ढवळा जबरदस्तीनं डावीकडे. चार पावलं गेली असतील नसतील, एक लाट आली आणि तांबड्याच्या खुरांवरून गेली. तांबडा जो उडाला! त्याला समुद्र लांबून बघायची सवय, डोंगरावरून. तो थेट ढवळ्याच्या अंगावर. आता ढवळाही सरकला. ज्या दोन बैलांना डोंगरावर फक्त उजवीकडे जायचं होतं, ते दोघंही आता जीव खाऊन डावीकडे रेटत होते. ओंडका, जोडी आणि मी, सगळे तिरके तिरके सुरूच्या बनात शिरलो.

रिक्षावाले दादा ओरडले, "काका, आता दोन डावे झाले!"

बाबांच्या पोटातून हसू आलं आणि कमरेला हात लावून ते "आई गं, आई गं" करत हसायला लागले.

चाची पुढे झाली. "सोड. ह्याची जागा बदल." ढवळ्याला तिनं उजवीकडे घेतलं, पाण्याच्या बाजूला, आणि ती स्वतः त्याच्याही पलीकडे, गमबूट घालून पाण्यात उभी राहिली. ढवळा खाडीकाठचा. चिखलात आणि भरतीच्या पाण्यात चरलेला. एक लाट त्याच्या पायांवरून गेली, त्यानं कान हलवले. दुसरी गेली, तर त्यानं नाक खाली घालून तिचा वास घेतला. तांबडा डाव्या बाजूला, कोरड्या वाळूवर, आयुष्यात पहिल्यांदा डावा, आणि एवढा समाधानी की जणू ती जागा त्यानंच मागून घेतली होती. मी हाक दिली. जोडी सरळ चालली. ओंडक्याचा चर वाळूत रेघेसारखा उमटत गेला.

परत येताना जूं सोडायचं आणि बैल बनातून आणायचे, नाहीतर समुद्र डाव्या हाताला येऊन सगळं उलटलं असतं. रोज सकाळी ओहोटी बघून हेच. फिरायला आलेले लोक व्हिडिओ काढायचे. एकानं विचारलं, "हे कसलं प्रशिक्षण?" चाची म्हणाली, "बैलाला डावं-उजवं शिकवतो. तुमाला शिकायचं हाय?"

पहिल्या दिवशी बाबा रिक्षात परत बसताना चाचीपाशी थांबले. त्यांना माफी मागता येत नाही, कधीच आली नाही. ते ढवळ्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "भाभी, बैल उजवा हाय तुमचा." चाची म्हणाली, "दोन्ही अर्थानं बोला." बाबा म्हणाले, "दोन्ही अर्थानं."

मग डोंगर. तांबडा डावा, ढवळा उजवा. पहिल्या पट्टीवर तांबड्यानं एकदा मान वळवून उजवीकडे बघितलं. मला वाटलं, गेलं. पण ढवळा तिथे उभा होता आणि तांबड्याला बहुतेक त्याच्यापलीकडे अजून लाट दिसत असावी. तो गुपचूप चालला.

मी नांगरलेलं पहिलं तास, नांगराची रेघ, सापासारखं वाकडं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "बीएला वळणदार अक्षराचे मार्क असतात काय?" दुसरं बरं आलं. उताराला आडवं, बांधाला धरून नांगरायचं, म्हणजे प्रत्येक तासात पाणी अडतं आणि माती पट्टीतच राहते. हे पुस्तकात नकाशाच्या रेषांनी शिकवलं होतं, आणि आता तीच रेषा मी पायानं काढत होते. त्याचा मला अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही. वळताना डावा जवळजवळ जागच्या जागी फिरतो, उजवा मोठा फेरा घेतो. मशीनला हे सांगायला गेलं तर ते करवंदीत जातं. बैल मात्र बांधाच्या कडेला आला की स्वतःच पाय आखडतो. त्यालाही पडायचं नसतंच की.

रानमोडी आम्ही आधी कापून कुजायला टाकली होती. तिच्यावर शेण. आई आणि चाची पाट्या डोक्यावर घेऊन चढायच्या आणि वाटेत भांडायच्या, की नाचणीच्या भाकरीबरोबर खाडीचा खेकडा चांगला की सुका जवळा. वरची पट्टी नांगरून झाली तेव्हा पाऊस कोसळत होता. अजिबात रुसला नव्हता. शेजारच्या आजीनं खालून छत्री वर करून विचारलं, "झालं का गो?" मी वरून ओरडले, "झालं!" ती म्हणाली, "मग उद्या आमच्या परड्यात पन एक फेरा मार!"

मारला. त्यानंतर चाचीचं खाडीकाठचं शेत नांगरलं. तिथे ढवळा राजा होता आणि तांबडा चिखलात पोटापर्यंत, पण डावीकडेच. लावणीला आमच्या वाडीतल्या आणि मोहल्ल्यातल्या बायका एका ओळीत होत्या. गाणी दोन्हीकडची झाली. चाचीच्या नवऱ्यानं आखातातून व्हिडिओ कॉल केला आणि विचारलं, "ही कोन नांगर धरलेली?" चाची म्हणाली, "ग्रॅज्युएट हाय. तुमच्यासारखी नापास न्हाय."

दसऱ्याला काका आले. काकी, मुलं, गाडीच्या नाकावर झेंडूचा हार. चहा न घेता म्हणाले, "चला, वर." बाबा यावेळी खुर्ची सोडून काठी घेऊन आमच्याबरोबर निम्म्यापर्यंत चढले. काका पुढे. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. नाचणीची कणसं मुठी आवळल्यासारखी भरलेली, काही पिवळी, काही तांबूस. काका प्रत्येक बांधावर थांबत होते. मला वाटलं, दम लागतोय. दम लागलाच होता. पण ते कणसं हातात घेऊन बघतही होते.

अगदी वरच्या पट्टीवर ते बसले. समोर समुद्र. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते, कारण शब्द दिला होता तरी अर्धी जमीन त्यांची होती. त्यांनी जेसीबी आणलाच असता तर मी काय करणार होते?

"ही पट्टी आम्ही लहानपणी राखायचो," काका म्हणाले. "दादा रानडुकरांना हाकायचा, मी झोपायचो. मला वाटलं होतं, हे संपलं." मग त्यांनी विचारलं, "हे सगळं त्या एका बैलानं?"

"दोन. दुसरा चाचीचा."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही. सावड मोडायची नाही असं ठरलंय."

काकांनी खिशातून फोन काढला. वर रेंज चांगली मिळते. माझ्यासमोरच त्यांनी मशीनवाल्याला सांगितलं, की येऊ नको, डोंगर रिकामा नाही. फोन ठेवून मला म्हणाले, "पण व्ह्यू भारी आहे हां." मी म्हटलं, "काका, तो बघायला तुम्ही या. भाकरी करते."

खाली जेवायला चाचीही होती. काकांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी काकीच्या ताटातून उचलली.

त्या दसऱ्यानंतर आमच्या डोंगराची एकही पट्टी पडीक राहिलेली नाही. बांध सगळे जागेवर आहेत, माती जागेवर आहे, विहिरीचं पाणी स्वच्छ आहे. दोन घरांची सावड चालू आहे आणि घरात नाचणी विकत आणावी लागत नाही. घराण्यात पहिली बीए मी झाले, आणि घराण्यात नांगर धरणारी पहिली बाईही मीच झाले.